बोनची रेघ एअरच्या खाली गेली, म्हणजे मशीन बिघडलं का?

प्रश्न खानापूरहून आला आहे. वडील ५८ वर्षांचे, नोकरी सगळी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. दोन महिन्यांत दोन ठिकाणी कान तपासून झाले. पहिल्या रिपोर्टवर ‘मिक्स्ड’ लिहिलंय, म्हणजे मधल्या कानातही अडथळा आणि आतली नसही कमजोर. दुसऱ्यावर ‘सेन्सोरीन्यूरल’, म्हणजे दोष फक्त आतला. त्यातून दुसऱ्या कागदावर बोनची (हाडावरून दिलेल्या आवाजाची) रेघ दोन ठिकाणी एअरच्या (हवेतून दिलेल्या आवाजाच्या) रेघेखाली उतरलेली. मुलाचं म्हणणं असं, की हाडावरून दिलेला आवाज मधला कान टाळून थेट आत पोचतो, मग तो हवेतून आलेल्या आवाजापेक्षा वाईट ऐकू येईलच कसा? कुठलं तरी एक मशीन बिघडलेलं असणार. आणि पहिल्या ठिकाणी ऑपरेशनचा विषय निघाला होता, त्याचं काय करायचं?

आधी उत्तर, मग कारणं. मशीन बहुधा एकही बिघडलेलं नाही. आकडे बघता हा कारखान्याच्या आवाजामुळे आलेला आतल्या कानाचा दोष वाटतो. मधल्या कानात ऑपरेशन करण्यासारखं काही दिसत नाही. प्रत्यक्ष कान न बघता याहून ठाम बोलणार नाही.

उजव्या कानाचे आकडे असे आहेत. हर्ट्झ म्हणजे सुराची उंची, म्हणजेच फ्रिक्वेन्सी; डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकणं वाईट, आणि कागदावर रेघ तितकी खाली. पहिल्या रिपोर्टात एअर: ५०० हर्ट्झला ३०, १०००ला ३५, २०००ला ४५, ४०००ला ७० डेसिबल. त्याच क्रमानं बोन: २०, २५, ४०, ५०. दुसऱ्यात एअर: २५, ३५, ४५, ६५, बोन: ३०, ३०, ५०, ५०. डावा कान साधारण असाच. दुसऱ्या ठिकाणी टिम्पॅनोमेट्रीही (पडदा किती हलतो याची तपासणी) झाली आहे आणि दोन्ही कानांना ‘ए टाइप’ आलाय, म्हणजे पडदा आणि त्यामागची हवा ठीक.

एअरच्या चार आकड्यांची सरासरी काढा. पहिल्यात ४५, दुसऱ्यात ४२.५. इतकं जुळणं म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी काम नीट केलंय. गोंधळ सगळा बोनचा आहे, आणि तो बोनच्या तपासणीच्या स्वभावातच आहे.

कान तपासणी म्हणजे रक्तातली साखर मोजणं नव्हे. इथे मोजमाप माणसाच्या बोटावर अवलंबून असतं. आवाज १० डेसिबलनं कमी करत न्यायचा, ऐकू येईनासा झाला की ५-५ नं वाढवत आणायचा, आणि ज्या पातळीवर चढत्या क्रमात निम्म्या वेळा तरी बटण दाबलं जातं ती पातळी कागदावर टिपायची. कारहार्ट आणि जर्गर यांनी १९५९ मध्ये घालून दिलेली हीच पद्धत आजही सगळीकडे चालते. पायरीच ५ डेसिबलची असल्यामुळे आज ३० आणि उद्या ३५ यात काही घडलेलं नसतं. त्याच माणसाला अर्ध्या तासानं पुन्हा बसवलं तरी ५चा फरक येतो, अधूनमधून १०चाही येतो.

त्यात फाउंड्रीतल्या माणसाची एक खास अडचण असते. त्याच्या कानात आधीच शिट्टी वाजत असते, बऱ्याचदा ४०००च्या आसपासच. बटण हातात धरून मामा बसलेले असतात, कपाळाला आठ्या, आणि मग म्हणतात, “बीप येतंय ओ, खरं ते तुमचं का माझ्या कानातलं, कळंना.” अशा वेळी सलग सूर देण्याऐवजी तुटक तुटक सूर द्यावा लागतो. कोणी तो देतो, कोणी देत नाही, आणि तिथेच ५-१० डेसिबल इकडचे तिकडे होतात. सूचना कुठल्या भाषेत दिल्या यानंही फरक पडतो. “अगदी बारीक ऐकू आलं तरी दाबा” हे घरच्या मराठीत सांगितलं तर माणूस बारीक आवाजालाही दाबतो. घाईत, अर्धवट कळणाऱ्या कन्नडमध्ये सांगितलं तर खात्री झाल्याशिवाय बोट हलत नाही. आपल्याकडे दोन्ही भाषा बोलणारे पुष्कळ, पण कानाच्या खोलीत घाबरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकच भाषा आठवते.

आता बोन. एअरच्या वेळी हेडफोन कानावर बसतो, त्याची जागा ठरलेली. बोनसाठी कानामागच्या हाडावर एक छोटा व्हायब्रेटर पोलादी पट्टीनं दाबून बसवतात. ती पट्टी साधारण ५.४ न्यूटन, म्हणजे अंदाजे अर्धा किलो वजनाइतक्या जोरानं दाबली जायला हवी. पट्टी वापरून सैल झाली की जोर कमी. हाडाचा उंचवटा प्रत्येकाचा निराळा, त्यावरची कातडी कोणाची पातळ तर कोणाची जाड. तेल लावून घट्ट अंबाडा घातलेल्या आज्जींच्या डोक्यावर पट्टी ठरतच नाही. तुम्ही काचेपलीकडे जाऊन बसेपर्यंत व्हायब्रेटर बोटभर खाली घसरलेला असतो. चष्म्याची काडी मध्ये आली, केस मध्ये आले, कानाच्या पाळीला टेकला, प्रत्येकानं आकडा हलतो. काही जण म्हणून तो कपाळावर लावतात. तिथे जागेचा घोळ कमी, पण तितकंच ऐकू येण्यासाठी ताकद जास्त लागते, विशेषतः खालच्या सुरांना, आणि मशीनचं कॅलिब्रेशन त्या हिशेबानं केलेलं असावं लागतं.

शिवाय बोनच्या वेळी कान उघडे असतात. हेडफोन नसल्यामुळे खोलीतला आवाज थेट आत जातो. पश्चिम खानापुरात पावसाळ्यात पत्र्यावर जो पाऊस कोसळतो, त्यात बोन करायला घेणं म्हणजे वेळ घालवणं. शहरातही लाईट गेली, खालच्या मजल्यावर जनरेटर सुरू झाला, की ५०० हर्ट्झचा बोन आधी बिघडतो, कारण अशा घरघरीचा जोर खालच्या सुरांतच असतो. वडिलांचा दुसऱ्या रिपोर्टातला ५००चा बोन एअरपेक्षा ५नं खाली गेलाय तो अशानंही असू शकेल.

पण समजा खोली शांत आहे, पट्टी पक्की आहे, मामा जागे आहेत. तरीही बोन एअरच्या खाली जाऊ शकतो. मूळ प्रश्न तोच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

ऑडिओग्रामवरचा शून्य म्हणजे आवाज नाही असं नव्हे. चांगल्या कानाच्या तरुण मंडळींना सरासरी जितक्या पातळीला ऐकू येतं, तिथे शून्य मांडलाय. एअरचा शून्य वेगळ्या मोजणीतून आला, बोनचा वेगळ्या. सरासरी उंची साडेपाच फूट असली म्हणून प्रत्येकजण साडेपाच फुटांचा नसतो, तसंच हे. एखाद्याच्या कानाची नळी आणि पडदा सरासरीपेक्षा सरस असतो, त्यामुळे हवेतून त्याला ५ डेसिबलनं चांगलं ऐकू येतं. पण त्याच्या कवटीचं हाड कंपनं पोचवण्यात सरासरीपेक्षा ५नं मागे असतं. अशा माणसाचा मधला कान ठणठणीत असूनही बोन एअरच्या १०नं खाली दिसणार. आणि हे वारंवार दिसणार, कारण ही चूक नाही, त्याची घडण आहे. दोष नसलेल्या दुसऱ्या माणसात नेमकं उलटं होतं आणि १०चा गॅप (म्हणजे एअर बोनच्या १०नं खाली) दिसतो, जो मधल्या कानाचा आजार म्हणून वाचला जातो.

जेराल्ड स्टुडबेकर यांनी १९६७ मध्येच हे गणितानं मांडलं होतं. तसाच हिशेब इथे करून बघू. मधला कान निर्दोष असलेल्या लोकांत एअर आणि बोनमधला फरक सरासरी शून्य, आणि त्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा पसारा) ५ डेसिबल धरलं, तर एका फ्रिक्वेन्सीला दोन्ही आकडे तंतोतंत सारखे येण्याची शक्यता ३८ टक्के. ५चा फरक वर किंवा खाली, प्रत्येकी २४ टक्के. १०चा फरक प्रत्येकी ६ टक्के. चार फ्रिक्वेन्सी स्वतंत्र धरल्या तर चारही ठिकाणी बोन-एअर अगदी एकावर एक येण्याची शक्यता १०० मध्ये फक्त २. आणि निदान एका ठिकाणी तरी बोन एअरच्या खाली जाण्याची शक्यता जवळपास ७७ टक्के.

म्हणजे उलटा विचार करायला हवा. दुसऱ्या रिपोर्टात बोन दोन जागी खाली गेला ही शंकेची बाब नाही. ज्या सेंटरच्या प्रत्येक नसेच्या रुग्णाचा बोन एअरला चिकटून बसलेला असतो, तिथे मला शंका येते. आमच्या व्यवसायातली ही उघड पण न बोलायची सवय आहे: टिम्पॅनोमेट्री ठीक दिसली, एअर आधी काढलाय, निदान मनात ठरलंय, मग बोन करताना ‘बोन एअरच्या खाली जात नसतो’ हे कॉलेजातलं वाक्य आठवतं आणि पेन्सिल आपोआप वर सरकते. खोटं कोणी मुद्दाम लिहीत नाही. उत्तर माहीत असलं की एक संशयास्पद बटण खरं मानलं जातं, दुसरं सोडून दिलं जातं. कागद देखणा होतो, माहिती कमी होते. ज्यानं तुमच्या वडिलांचा २०००चा बोन ५०च लिहिला, त्याचं मला कौतुक वाटतं.

मग पहिल्या रिपोर्टातला ‘मिक्स्ड’ कुठून आला? १०, १०, ५ आणि २० असे गॅप दिसले आणि १० म्हणजे गॅप हा नियम लावला गेला. दोन्ही रिपोर्टांतल्या पहिल्या तीन फ्रिक्वेन्सींचे सहाही फरक एकत्र घ्या: १०, १०, ५, उणे ५, ५, उणे ५. सरासरी साडेतीनही भरत नाही. याला गॅप म्हणत नाहीत.

उरतो तो ४०००चा. तिथे दोन्हीकडे गॅप आहे, एकदा २०, एकदा १५. पुन्हा पुन्हा येतोय म्हणजे खरा असणार असं वाटेल, पण ४००० ही बदनाम जागा आहे. नेहमीच्या वापरातल्या बी-७१ जातीच्या व्हायब्रेटरसाठी ४०००चा शून्य जिथे मांडलाय तो आकडाच थोडा सरकलेला असावा, असं अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्गोलिस आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास दाखवलं. नसेचाच दोष असलेल्या माणसांतही त्या जागी १० ते १५ डेसिबलचा खोटा गॅप दिसतो. त्यात व्हायब्रेटरच्या डबीतून बाहेर पडणारा बारीक सूर उघड्या कानातून आत शिरतो आणि बोन आहे त्याहून चांगला भासतो. यावर उपाय सोपा आहे, ३००० आणि ४०००ला बोन करताना कानात फोमचा बोळा घालायचा. मात्र तोच बोळा ५००ला ठेवला तर घोटाळा होतो, कारण कान बंद झाला की खालचे सूर हाडातून १५-२० डेसिबलनं मोठे ऐकू येतात. तर्जनीनं कान बंद करून ‘ऊं’ म्हणून बघा, लगेच कळेल.

पहिल्या रिपोर्टात आणखी एक गोष्ट तपासा. बोनची खूण कोणती आहे? टोकदार बाण असेल तर मास्किंग केलेलं नाही. चौकोनी कंसासारखी असेल तर केलंय. हाडावरचा आवाज डाव्या-उजव्यात भेद करत नाही. उजव्या कानामागे लावलेला व्हायब्रेटर डावा कानही तितकाच ऐकतो. डाव्या कानात सळसळ आवाज घालून त्याला गुंतवल्याशिवाय जो बोन निघतो तो दोन्हींतल्या चांगल्या कानाचा असतो. वडिलांचा डावा आतला कान ५नं जरी बरा असला तरी उजवीकडे तितका गॅप फुकट तयार होतो.

खोटे गॅप इतर प्रकारेही येतात. म्हाताऱ्या माणसांच्या कानाची नळी हेडफोनच्या दाबानं मिटते, वरच्या सुरांचा एअर खराब येतो. कानात घालायचे इन्सर्ट वापरले की तो गॅप नाहीसा होतो. फार गंभीर बहिरेपणात वेगळीच गंमत. ५००ला ५५ डेसिबलचा, १०००ला ७०चा कंप कातडीला जाणवतो, मूल किंवा माणूस प्रामाणिकपणे बटण दाबतो, आणि कागदावर भला मोठा गॅप उमटतो. त्या गॅपच्या भरवशावर ‘ऑपरेशन केलं तर ऐकू येईल’ अशी आशा घेऊन फिरणारे आईवडील मी पाहिलेत, आणि त्यांना समजावणं या सगळ्यात अवघड.

याचा अर्थ सगळे गॅप खोटे, असा मात्र काढू नका. खरा गॅप सहसा खालच्या सुरांत ठळक असतो, दोन-तीन शेजारच्या फ्रिक्वेन्सींत एकसारखा असतो, दुसऱ्या दिवशीही जागचा हलत नाही, आणि त्याला साक्षीदार असतात: टिम्पॅनोमेट्री बिघडलेली, ध्वनिप्रतिक्षेप (मोठ्या आवाजाला मधल्या कानातल्या स्नायूचं आकसणं) गायब, ५१२ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) कानामागे जास्त आणि कानासमोर कमी ऐकू येणारा. पंचवीस-तिशीतल्या बाईला हळूहळू कमी ऐकू यायला लागलं, पडदा स्वच्छ, खाली ३०-४०चा गॅप, आणि बोनमध्ये २०००ला एक खळगा, तर कानातलं रिकिबीचं हाड घट्ट झाल्याचा संशय घ्यायचा. त्या खळग्याला कारहार्टचं नाव आहे. तो नसेचा दोष नसतो, कारण ऑपरेशन चांगलं झालं की बोनही सुधारतो. हाडावरून जाणारा आवाज मधल्या कानाला पूर्ण टाळत नाही, हे यावरूनच उघड होतं. ‘बोन म्हणजे शुद्ध नस’ हे समीकरण मुलानं जिथून वाचलं असेल, तिथे ते सोयीपुरतं लिहिलेलं असणार.

शब्दांच्या तपासणीचाही उल्लेख प्रश्नात आहे: पहिल्या ठिकाणी ६० टक्के, दुसऱ्या ठिकाणी ८४. पहिल्या ठिकाणी कन्नड शब्दयादी वापरली होती, हे मुलानंच लिहिलंय. २५ शब्दांच्या यादीत एका शब्दाला ४ टक्के जातात, म्हणजे सहा शब्दांचा फरक. घरात आयुष्यभर मराठी बोललेल्या माणसाला एकटा सुटा कन्नड शब्द ओळखता आला नाही यात कानाचा दोष किती आणि भाषेचा किती हे सांगता येत नाही. मी तो ६० गृहीतच धरणार नाही. हीच गोष्ट उलट्या दिशेनंही खरी आहे. गोकाककडच्या कन्नड घरातल्या माणसाला मराठी यादी देणारेही आहेत.

आता करायचं काय. तिसरी तपासणी एकदा नीट करून घ्या, आणि ऑपरेशनचा विषय तोवर बाजूला ठेवा. आदल्या दिवसापासून निदान १४ तास कारखान्याच्या आवाजात नको. पाळी संपवून थेट आलेल्या माणसाचे कान तात्पुरते बधिर असतात. आधी कानात मळ आहे का हे बघून घ्या. बोन मास्किंगसह मागा, ४०००ला बोळा घालून मागा, आणि जुने रिपोर्ट तपासणाऱ्याला आधी दाखवू नका, नंतर दाखवा. मशीनचं कॅलिब्रेशन वर्षाच्या आत झालंय का, हे विचारायला लाजू नका.

निदानाचं लेबल बदलून काय फरक पडतो, असं वाटत असेल तर दोन ठिकाणी पडतो. एक, कानाचं मशीन लावताना. सॉफ्टवेअरला गॅप दिसला की ते त्या फ्रिक्वेन्सीला आवाज आणखी वाढवून देतं. ४०००चा खोटा २०चा गॅप तसाच भरला तर घरात भांडं पडलं की वडील मशीन काढून टेबलावर ठेवतील, आणि मग ते कपाटातच राहील. मशीन लावणाऱ्याला सांगा, बोनचा ४०००चा आकडा भरू नका. दुसरं, नुकसानभरपाई. आवाजामुळे झालेली श्रवणहानी कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, आणि कागदावर ‘मिक्स्ड’ असं असलं की समोरचा वकील पहिला प्रश्न कानाच्या जुन्या फुटण्याचा विचारतो. अपंगत्वाच्या दाखल्याचा मात्र इथे संबंध नाही. ‘कमी ऐकू येणारा’ या वर्गासाठी २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलची हानी धरली आहे आणि वडील त्याच्या बऱ्याच अलीकडे आहेत.

वडील अजून कामावर जात असतील तर इअरप्लग किंवा मफ आजपासून, आणि तपासणी दरवर्षी. पुढच्या वर्षी कुठे एका ठिकाणी ५ वाढलेले दिसले तर काळजी करू नका. २०००, ३००० आणि ४००० या तिन्हींची एअरची सरासरी १०नं वाढली, म्हणजे ऐकणं तितकं घसरलं, तर मात्र त्याच महिन्यात पुन्हा तपासा. आणि ही तुलना करताना फक्त एअरच बघा.